एक माणूस कमी केला की

एक सरकारी कागद कॅलिफोर्नियातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तुमच्याकडच्या अमुक कामगाराने बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज केलाय, हरकत असेल तर दहा दिवसांत कळवा. मोठ्या कंपनीत असल्या पत्रव्यवहाराला स्वतंत्र विभाग असतो, नाहीतर बाहेरची एजन्सी. इथे गल्ल्यावर बसणारा, माल मागवणारा आणि हा कागद वाचणारा माणूस एकच. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर भत्ता नाकारता येतो, पण त्याला पुरावा लागतो. ताकीद दिली होती ती तोंडी. तारीख कुणी लिहून ठेवलीय?

हा भत्ता बेरोजगारी विम्यातून मिळतो. अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापत नाहीत. भरतो तो मालक, कराच्या रूपाने. १९३५च्या कायद्याने आठपेक्षा कमी माणसं असलेल्यांना सोडलं होतं. पुढे ती मर्यादा चारवर आली, आणि १९७०च्या दशकात एकच माणूस ठेवणाराही कक्षेत आला.

कराचा दर मालकाच्या इतिहासावरून ठरतो. ज्याची माणसं जास्त भत्ता घेतात, त्याला दर जास्त. ऐकायला रास्त वाटतं. आता आकडे मांडून बघा. कॅलिफोर्नियात नवा मालक प्रत्येक कामगाराच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ३.४ टक्के भरतो, म्हणजे माणशी वर्षाला २३८ डॉलर. पाच माणसांचे ११९०. त्यातल्या एकाला कमी केलं आणि त्याला आठवड्याला कमाल ४५० डॉलर, असे पुरते २६ आठवडे मिळाले, तर होतात ११,७००. जवळजवळ दहा वर्षांचा भरणा! ही रक्कम मालकाकडून थेट वसूल होत नाही, पण त्याच्या खात्यावर चढते आणि दर ६.२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पाचशे माणसांच्या कंपनीत एवढ्याने काही हलत नाही.

गंमत पुढेच आहे. जो त्या कमाल दराला टेकलाय, त्याने आणखी दहा जणांना काढलं तरी त्याचा दर तिथेच. वरचा खर्च बाकीच्या मालकांच्या माथी. शिवाय कर फक्त पहिल्या ७,००० डॉलरवर. त्यामुळे एकच दर असेल तर वर्षाला २०,००० कमावणाऱ्या वेटरमागे आणि दोन लाख कमावणाऱ्या इंजिनिअरमागे मालकाला सारखेच पैसे पडतात. माझ्या मते सगळ्यात आंधळा नियम हाच.

आणि कुणालाच न काढणारा मालक? कोविडच्या काळात राज्याचा निधी आटला, केंद्र सरकारकडून कर्ज काढावं लागलं. राज्याच्या कराशिवाय मालक केंद्र सरकारलाही वेगळा बेरोजगारी कर भरतात. कर्ज थकल्यामुळे त्या करात मिळणारी सवलत दरवर्षी पहिल्या ७,००० डॉलर पगाराच्या ०.३ टक्क्याइतकी घटत गेली. एरवी माणशी ४२ डॉलर असलेला हा कर २०२४ सालासाठी १०५ झाला. तो कुणालाच न काढणाऱ्यालाही चुकला नाही.