जुन्या सिनेमाचं पोस्टर: पहिल्या रिलीजचं, री-रिलीजचं की परवा छापलेलं?

[टेबलावर घडी उलगडलेलं पोस्टर. शेजारी भिंग, मोजपट्टी, यूव्ही टॉर्च.]

नमस्कार मंडळी. चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर उभं राहून ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारण्यात काही अर्थ नाही. उत्तर ठरलेलं आहे, ‘एकदम ओरिजिनल, साहेब.’ आणि गंमत म्हणजे दुकानदार बऱ्याचदा खोटं बोलत नसतो. पोस्टर खरंच जुनं असतं, खरंच थिएटरवर लावायला छापलेलं असतं. फक्त सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हाचं नसतं. पंधरा-वीस वर्षांनी तोच सिनेमा मॅटिनीला परत आला, तेव्हाचं असतं. किमतीतला मोठा फरक इथे पडतो, आणि फसवणूकही जास्त करून इथेच होते.

म्हणजे आपल्यापुढे तीन प्रकारचे कागद येतात. पहिल्या रिलीजचा, री-रिलीजचा, आणि हल्ली कुणीतरी स्कॅन करून छापलेला. तिसरा ओळखणं त्यामानाने सोपं आहे. पहिल्या दोघांत फरक करताना भलेभले गडबडतात, कारण कागद जुना, शाई जुनी, घड्या जुन्या, सगळंच जुनं.

माझा एक नियम आहे. हिरोच्या चेहऱ्याकडे शेवटी बघायचं. आधी तळाची पट्टी वाचायची.

[कॅमेरा पोस्टरच्या अगदी खालच्या कडेवर.]

ही बारीक अक्षरातली ओळ दिसते? छापखान्याचं नाव आणि गाव. ही कुणी हौसेने छापलेली नाही. १८६७ च्या प्रेस ॲक्टप्रमाणे छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक होतं. त्या इंग्रजांच्या कायद्याने आपल्यासारख्या संग्राहकांवर फार मोठे उपकार करून ठेवलेत. पोस्टरवर साल क्वचित असतं, पण या ओळीतला पत्ता साल सांगून जातो.

समजा तुम्हाला ‘मदर इंडिया’चं पोस्टर दाखवलं आणि सांगितलं की हे १९५७ चं, पहिल्या रिलीजचं. खाली वितरकाचा पत्ता आहे गिरगावातला. तो ‘बॉम्बे-४’ असा, म्हणजे जुन्या टपाल विभागाच्या आकड्याने लिहिला असेल तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. पण ‘बॉम्बे ४०० ००४’ असेल तर संपलं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९५७ च्या छापखान्याला तो कुठून कळणार? कागद जुना आहे, थिएटरसाठीच छापलाय, पण तो सत्तरच्या दशकातला किंवा त्यानंतरचा आहे. घ्या जरूर, पण त्या भावात घ्या.

अशीच दुसरी खूण सेन्सॉरच्या अक्षराची. ‘यू/ए’ हा प्रकार १९८३ मध्ये आला. त्याआधी ‘यू’ आणि ‘ए’ एवढंच. तेव्हा १९७५ च्या सिनेमाच्या पोस्टरवर कोपऱ्यात ‘यू/ए’ दिसलं, तर ते पहिल्या रिलीजचं असणं शक्य नाही.

शहराच्या नावावरूनही अंदाज येतो. इंग्रजीत ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं १९९५ मध्ये. पण ही कसोटी फक्त इंग्रजी ओळीला लावा हं. मराठी पोस्टरवर ‘मुंबई’ आधीपासूनच आहे. आपण काय १९९५ पर्यंत थांबलो नव्हतो.

गाण्यांची पुस्तकं, म्हणजे थिएटरबाहेर विकायची ती चार-आठ पानी बुकलेटं, त्यांच्यावर किंमत असते. आणे असतील तर साधारण १९५७ च्या आधीची. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि ‘नये पैसे’ सुरू झाले. १९६४ मध्ये त्यातलं ‘नये’ गेलं. म्हणजे ‘१५ नये पैसे’ छापलेलं बुकलेट या सात वर्षांतलं, किंवा फार तर थोडं पुढचं. एखादा छापखाना जुनाच ब्लॉक वापरत राहिला असेल, एवढी सवड ठेवायची. ही बुकलेटं वाचायलाही मजेदार असतात. कथासार रंगात येतं, नायिका संकटात सापडते, आणि शेवटची ओळ असते की पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा! पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकात सुद्धा.

अमेरिकेत हा सगळा व्याप बराच कमी आहे. तिथे १९४० पासून साधारण ऐंशीच्या दशकापर्यंत नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी बहुतेक स्टुडिओंची पोस्टरं वाटायची. त्यांच्या पोस्टरच्या खाली उजवीकडे वर्ष आणि क्रमांक छापलेला असतो, आणि री-रिलीज असेल तर बहुधा आकड्याआधी ‘आर’. आपल्याकडे अशी मध्यवर्ती व्यवस्था नव्हती. प्रत्येक टेरिटरीचा, म्हणजे वितरणाच्या विभागाचा, वितरक वेगळा, गरज पडेल तशी तो पोस्टरं छापून घ्यायचा. म्हणून आपल्याला पत्ते आणि आणे वाचत बसावं लागतं.

[भिंग उचलून.]

आता छपाई. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, स्टँप जमवणारे वापरतात ते चालेल.

चाळीस-पन्नासच्या दशकातली आपली बरीचशी पोस्टरं लिथोवर छापलेली आहेत. चित्रकार मूळ चित्र रंगवायचा, आणि लिथोचा कारागीर ते दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हाताने उतरवायचा. प्रत्येक रंगासाठी वेगळं. त्यामुळे भिंगातून बघितलं की रंग सलग दिसतो, नाहीतर खडूने घासल्यासारखा दाणेदार, वेडावाकडा. एक रंग दुसऱ्यावर किंचित सरकलेलाही दिसेल. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत ऑफसेट पसरलं. त्यात चार रंगांचे बारीक ठिपके असतात, फुलासारख्या नक्षीत मांडलेले. काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या, म्हणून ‘ठिपके दिसले, सबब नकली’ असा निकाल लगेच देऊ नका.

मग बघायचं कुठे? अक्षरांत. हे नीट बघा.

[भिंग सिनेमाच्या नावावर. कॅमेरा जवळ.]

खऱ्या छपाईत, लिथो असो की ऑफसेट, सिनेमाचं नाव साधारणपणे सलग शाईत असतं, कडा स्वच्छ. नकली पोस्टर बनतं छापील पोस्टरचा फोटो काढून, किंवा स्कॅन करून. त्यात चित्र काय, नाव काय, सगळ्याचेच ठिपके होतात. हे पोस्टर बघा, लांबून अक्षर लालभडक दिसतंय. भिंगाखाली ते किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांचं आहे, आणि कडेला ठिपके सांडलेत. तळाची ती छापखान्याची ओळ तर वाचताच येत नाही, नुसता धुरळा. ही कॉपी आहे. इंकजेटवर काढलेली असेल तर ठिपके नक्षीत नसतात, फवारा मारल्यासारखे विखुरलेले असतात.

दुसरी खूण घड्यांची. पोस्टरं घड्या घालूनच गावोगाव जायची, त्यामुळे जुन्या पोस्टरला घडी असणारच. आता या घडीच्या पांढऱ्या रेषेवरून नख फिरवा. काही लागतंय? नाही. कागद सपाट आहे. मूळ पोस्टरच्या घडीचा फोटो छापला गेलाय! टाचणीचं भोकसुद्धा छापलंय, बघा, आणि मागून उजेड धरला तर आरपार काही नाही.

म्हणून पोस्टर पालथं करून बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. खरं पोस्टर वर्षानुवर्षं घडी करून गठ्ठ्यात पडलेलं असतं. जो भाग घडीच्या बाहेर होता तो मळलेला, तपकिरी, आणि आतले भाग त्यामानाने उजळ. कडा आधी पिवळ्या पडतात, कारण हवा तिथून शिरते. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो, घडीच्या आतसुद्धा. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. छपाईची नक्कल करणारे पुष्कळ आहेत, पण मळ योग्य जागी लावायचे कष्ट कुणी घेत नाही.

यूव्ही टॉर्चबद्दल खूप जण कमेंटमध्ये विचारतात, तर थोडक्यात सांगतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं पन्नासच्या दशकापासून सर्रास वापरात आली. अंधारात टॉर्च मारल्यावर कागद निळसर पांढरा झगझगला, आणि विकणारा म्हणतोय की १९४० सालचा आहे, तर तिथेच थांबा. पण झगझगला नाही म्हणजे जुनाच, असं मात्र नाही. साधा, ब्लीच न केलेला कागद आजही मिळतो.

मोजपट्टी. आपल्याकडच्या नेहमीच्या पोस्टरचं माप तीस बाय चाळीस इंच, आधीच्या काळात वीस बाय तीसही दिसतं. बारा बाय अठरा किंवा चोवीस बाय छत्तीसचं ‘ओरिजिनल’ मिळालं तर ते फ्रेमच्या मापाने छापलंय असं समजा.

लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायची छोटी चित्रं, आणि फोटो यांना वेगळी नजर लागते. जुन्या कृष्णधवल फोटोत काळ्या भागावर, विशेषतः कडेला, चांदीसारखी चमक येते. फोटो तिरका धरला की दिसते. कागद हाताला कागदासारखाच लागतो. हाताला प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागला तर तो रेझिनचा थर दिलेला कागद आहे, आणि तो सत्तरच्या आसपास वापरात आला. १९५१ च्या सिनेमाचा फोटो अशा कागदावर असेल तर निगेटिव्ह जुनी असेलही, प्रिंट नंतरची.

[भिंग बाजूला ठेवून.]

आता दुर्मिळतेकडे येऊ. इथे माझं मत जरा कडक आहे. ऑनलाइन विक्रीत दहापैकी नऊ वस्तूंच्या नावापुढे ‘दुर्मिळ’ लावलेलं असतं, आणि त्या शब्दाकडे मी बघतच नाही.

पोस्टर किती छापलं होतं याचा दुर्मिळतेशी संबंध कमी, किती उरलं याच्याशी जास्त. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला. एवढ्या काळात पोस्टरं काय थोडी छापली असतील? पण पोस्टर खळ लावून भिंतीवर जातं, त्यावर पुढच्या शुक्रवारी दुसरं बसतं, आणि उरलेलं पावसाळ्यात जातं. उरतात ती न वापरलेली. वितरकाच्या गोदामात राहिलेली, नाहीतर रद्दीवाल्याने वेळीच ओळखलेली.

मूकपटांचं तर विचारूच नका. तेराशेच्या आसपास मूकपट आपल्याकडे बनले, त्यातल्या मोजक्याच फिल्म आज शिल्लक आहेत. कागदाची गतही तीच. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं, १९२४ चं पोस्टर आपल्या सर्वांत जुन्या चित्र-पोस्टरांमध्ये गणलं जातं. त्यामुळे त्याच्याही आधीचं काही कुणी तुम्हाला हजार-दोन हजारांत देत असेल, तर हात जोडून पुढे चला.

उलटी बाजूही बघा. नाव कुणाला आठवत नाही अशा एखाद्या सामाजिक चित्रपटाच्या पोस्टरची जगात एकच प्रत असू शकते, आणि तरी तिला गिऱ्हाईक नसतं. याउलट ‘शोले’ची पोस्टरं बऱ्यापैकी सापडतात, री-रिलीजची तर पुष्कळच, तरी मागणीमुळे भाव टिकून आहे. दुर्मिळ आणि महाग यांची गल्लत करू नका.

आणि ‘एकच प्रत’ कधी वीस होतील याचा नेम नाही. लॅमिंग्टन रोडला नाझ बिल्डिंगमध्ये एके काळी वितरकांची ऑफिसं खच्चून भरलेली होती. असं एखादं ऑफिस बंद होतं, गोदाम रिकामं होतं, आणि एकाच पोस्टरचा कोरा गठ्ठा बाजारात येतो. त्याआधी चढ्या भावाने घेतलेला माणूस कपाळाला हात लावतो. म्हणून एका दुकानात बघून ‘दुसरं कुठेच नाही’ असं ठरवू नका. निदान लिलावांचे जुने निकाल तपासा, आणि वस्तू कितीला विकली गेली तो आकडा बघा. मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितं.

दुरुस्तीबद्दल एवढंच, की मागे कापड लावलेलं, फाटका कोपरा जोडलेला, रंग भरलेलं पोस्टर नकली ठरत नाही. पण किती भरलंय ते विकणाऱ्याने सांगायला हवं. चेहराच नव्याने रंगवला असेल तर माझ्या लेखी निम्मी किंमत गेली. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. तो प्लास्टिकचा थर कागदाला इजा न होता परत निघत नाही. सेलोटेपही नको.

ऑनलाइन घेत असाल तर तीन फोटो मागा. तळाच्या पट्टीचा जवळून, पूर्ण मागच्या बाजूचा, आणि मोजपट्टी ठेवून कडेचा. विकणाऱ्याने ‘मागे काय बघायचंय?’ असं विचारलं तर सौदा सोडून द्या. द्यायला तयार झाला, तर बिलावर ‘जुनं पोस्टर’ असं मोघम चालवून घेऊ नका. पहिलं रिलीज, री-रिलीज की रीप्रिंट, यातला एक शब्द आणि अंदाजे साल त्याच्या हाताने लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि मगच पैसे पाठवा.