पाच पिरियड आणि एक मिनिट चोपन्न सेकंद

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते बर्फावरच्या हॉकीतल्या आपल्या टोरॉंटो मेपल लीफ्स संघात ऑस्टन मॅथ्यूजच्या उजव्या हाताला कोण खेळायला हवं होतं, यावर. हसू नका. टोरॉंटोत, मिसिसागात, ब्रॅम्प्टनमध्ये या एका प्रश्नावरून चांगल्या घरची माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. भाडं परवडत नाही, हायवेला गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात, त्याचं काही नाही. पण संघातल्याच मिच मार्नरला मॅथ्यूजपासून वेगळं का काढलं, याचा जाब द्यायलाच हवा!

वाद ज्या सामन्याचा आहे तो आधी सांगतो. ४ मे २०२४, शनिवारची रात्र, बॉस्टनचं टीडी गार्डन. स्टॅन्ले कपच्या प्लेऑफची पहिली फेरी, आपले मेपल लीफ्स विरुद्ध बॉस्टनचे ब्रुइन्स, सातवा आणि शेवटचा सामना. लीफ्स मालिकेत ३-१ असे मागे होते. पाचवा आणि सहावा सामना प्रत्येकी २-१ असा खेचून त्यांनी बरोबरी साधलेली. सातव्यात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये मॅथ्यूजच्या पासवर विल्यम निलँडरने गोल केला आणि आमच्याकडे कुणीतरी पेढ्यांचा विषय काढला. काढायला नको होता. १ मिनिट २१ सेकंदांत हँपस लिंडहोमने बरोबरी केली. मग ओव्हरटाइम, म्हणजे जो आधी गोल करेल तो जिंकला, आणि ओव्हरटाइमच्या १ मिनिट ५४व्या सेकंदाला डेव्हिड पास्त्रनाक. संपलं.

तो गोल मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटून सांगू शकतो. लिंडहोमने लांबून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, आत टाकला, मागच्या फळीवर आपटून उसळी घेईल अशा बेताने. पास्त्रनाक मागून पूर्ण वेगात आला, मार्नरच्या जवळून तिरका आत घुसला. मार्नरने मान वळवून पाहिलं तोवर हा एक पाऊल पुढे. गोलकीपर इल्या सॅमसोनोव्हने पुढे यावं की जागेवर राहावं, या विचारात क्षणभर घालवला. पास्त्रनाकने पक काठीच्या उलट्या बाजूवरून सुलट्या बाजूला घेतला आणि जाळ्यात सरकवला. ब्रुइन्सचा कोच जिम मॉन्टगोमेरी सामन्याआधी पत्रकारांसमोर उघडपणे म्हणाला होता की पास्त्रनाकने आता पुढे यायला हवं. तो आला.

आता ज्यांना इथे येऊन वर्ष-सहा महिनेच झाले आहेत, त्यांच्यासाठी थोडं थांबतो. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर सोडून पाच जण उतरतात: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. तीन फॉरवर्ड म्हणजे एक लाइन, मध्ये सेंटर आणि दोन बाजूंना दोन विंगर. संघाकडे अशा चार लाइनी. एक लाइन पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने पळते, की बेंचवरून दुसरी उडी मारते. खेळ चालूच राहतो. त्यामुळे कोण कुणाबरोबर हा प्रश्न रिकामटेकड्यांचा नाही. चार तऱ्हांचे बारा लोक, त्यांचे चार संच पाडायचे, आणि तेही समोरच्याचा कुठला संच बर्फावर आहे ते बघून. क्रिकेटवाल्यांनी २००७चा विश्वचषक आठवावा. तेंडुलकरला सलामीला न पाठवता चौथ्या क्रमांकावर खेळवलं आणि संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. अख्ख्या महाराष्ट्रात तेव्हा जे चाललं होतं, तेच इथे दर एप्रिल-मे महिन्यात चालतं.

तर दोन पक्ष. पहिला पक्ष म्हणतो, मॅथ्यूज आणि मार्नर एकत्रच हवेत. एकाने त्या मोसमात ६९ गोल केले, दुसरा पास देण्यात वाकबगार. दूध आणि साखर वेगवेगळ्या टेबलांवर कशाला ठेवायची? कोच शेल्डन कीफने मालिकेच्या सुरुवातीला मॅथ्यूजच्या एका बाजूला टायलर बर्टुझी आणि दुसऱ्या बाजूला मॅक्स डोमी दिला, मार्नरला जॉन टॅव्हारेसकडे पाठवलं. या पक्षाच्या मते मालिका तिथेच गेली. दुसरा पक्ष म्हणतो, मॅथ्यूज, मार्नर, निलँडर आणि टॅव्हारेस या चौघा बड्यांना तीन लाइनींत वाटा, म्हणजे समोरच्याला कुणाला अडवावं ते कळणार नाही. त्यांचा पुरावा पाचवा सामना. मॅथ्यूज आजारी, बाहेर. डोमी सेंटरला आला, बर्टुझी आणि मार्नर त्याच्या बाजूंना. नाइज, टॅव्हारेस आणि निलँडर एका लाइनीत. ओव्हरटाइममध्ये मॅथ्यू नाइजने गोल मारून सामना जिंकला. बघा, म्हणतात, मॅथ्यूजवाचून जमलं की नाही!

माझ्या ओळखीत एक सासरे-जावई आहेत. सासरे पहिल्या पक्षात, जावई दुसऱ्या. सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून कागदी रुमालावर चार लाइनी मांडतात. सासऱ्यांच्या कागदावर डोमी नेहमी चौथ्या लाइनीत. "अहो बाबा, त्याला तिथे कुजवू नका," असं जावई दर वेळी म्हणतो आणि बाबा दर वेळी चहा मागतात.

या दोघांचं ऐकताना एकदा वाटलं, हे चौघे त्या मालिकेत एकत्र खेळले तरी किती? म्हणून मोजायला बसलो. निलँडर पहिले तीन सामने मायग्रेनमुळे बाहेर होता. मॅथ्यूज चौथ्या सामन्यात दोन पिरियड खेळून थांबला, तिसऱ्यात उतरला नाही, पाचवा आणि सहावा सामना हुकला. म्हणजे मॅथ्यूज, मार्नर, निलँडर, टॅव्हारेस हे चौघे एका वेळी खेळायला हजर कधी? चौथ्या सामन्याचे दोन पिरियड आणि सातव्याचे तीन. वर ते १ मिनिट ५४ सेकंद. सात सामन्यांच्या मालिकेत पाच पिरियड! त्या पाचांत लीफ्सचा गोल एक, निलँडरचा. आणि गंमत ऐका, चौथ्या सामन्यात संघाचा एकमेव गोल मार्नरने केला तो तिसऱ्या पिरियडमध्ये, मॅथ्यूज बेंचवर नसताना.

एवढ्याशा पुराव्यावर ना सासरे बरोबर ठरतात, ना जावई. चौघांना कसं वाटावं, हा प्रश्न कीफपुढे धडपणे आलाच नाही. कधी तीनच होते, कधी आजारी सेंटर होता. त्यात सहाव्या सामन्याच्या अगदी अखेरच्या क्षणी, घड्याळात ०.१ सेकंद उरला असताना, ब्रुइन्सने एक निरर्थक गोल केला आणि तो अडवताना जोसेफ वॉल जखमी झाला. पाचवा आणि सहावा सामना जिंकून देणारा गोलकीपर सातव्याला नव्हता. सॅमसोनोव्ह वाईट खेळला असं मी म्हणणार नाही, नियमित वेळेत त्याने एकच गोल दिला. पण ज्याच्या हातात लय होती तो कोट-टाय घालून बसला होता.

मग मालिका गेली कुठे? माझं मत सरळ आहे: पॉवर प्लेमध्ये. समोरचा खेळाडू चूक करतो, दोन मिनिटं पेटीत जाऊन बसतो, तुमचे पाच आणि त्यांचे चार. या वेळी लाइनीबिइनीचा प्रश्नच उरत नाही, कारण सगळे चांगले एकदमच उतरतात. चौघे बडे हजर असले की चौघेही. पहिल्या पक्षाला जे हवं होतं ते तर इथे आयतंच मिळत होतं. आणि लीफ्सचा पॉवर प्ले त्या मालिकेत किती? २१ संधी, एक गोल! त्याच मोसमात ज्या संघात ६९ गोल मारणारा माणूस आहे, त्या संघाचा. सातही सामन्यांत मिळून लीफ्सचे गोल बारा. ब्रुइन्सने या मालिकेत खूप काही अलौकिक केलं नाही. त्यांच्या चौघा पेनल्टी किलरनी, म्हणजे एक माणूस कमी असताना बचाव करणाऱ्यांनी, शॉटच्या रेषेत शरीर आणि काठी घातली, जेरेमी स्वेमनने उरलेलं अडवलं. आमचे पाच जण बाहेरच्या कडेने पक फिरवत राहिले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अहो, शॉट मारा की! टीव्हीसमोर बसून मीही ओरडलोय.

चौथ्या सामन्यात बेंचवरचं भांडण कॅमेऱ्यात आलं तेही याच वैतागातलं. टोरॉंटोत, घरच्या प्रेक्षकांसमोर, दुसऱ्या पिरियडच्या शेवटी संघ ०-३ असा मागे. मार्नरने हातमोजे काढून फेकले, निलँडर त्याच्यावर काहीतरी बोलला, मॅथ्यूजही त्यात. दुसऱ्या दिवशी शहरभर त्या दहा सेकंदांचं विच्छेदन. कोण कोणाला काय म्हणालं, ओठांवरून वाचणारे निघाले. मला विचाराल तर त्यात फारसं काही नव्हतं. घरात चौघे भाऊ एका रिमोटवरून भांडतात तेव्हा एवढं होतंच. पण मार्नरबद्दल लोकांच्या मनात जे साचत होतं, त्याला त्या हातमोज्यांनी वाट करून दिली, आणि आठवड्याभरात पास्त्रनाक त्याच्याच शेजारून गेला.

ओव्हरटाइमबद्दल एक गोष्ट मात्र या वादात कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. पिरियड बदलला की संघ बाजू बदलतात, बेंच मात्र जागेवरच राहतं. त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये तुमचं बेंच तुमच्या गोलच्या बाजूला असतं, दुसऱ्यात लांब. ओव्हरटाइमचा पहिला पिरियड हा चौथा, म्हणजे पुन्हा लांब. बचाव करणाऱ्याला दम लागला तरी बदली व्हायला दुपटीने पळावं लागतं. शिवाय पाहुण्या संघाची पंचाईत वेगळीच. खेळ थांबला की यजमान कोच शेवटी बदल करतो, म्हणजे समोर कोण उतरलंय ते बघून आपला पत्ता टाकतो. मोसमात ब्रुइन्सचे १०९ गुण, लीफ्सचे १०२. त्या सात गुणांमुळे सातवा सामना बॉस्टनमध्ये, आणि शेवटचा पत्ता मॉन्टगोमेरीच्या हातात. २०१३, २०१८, २०१९, २०२४, चारही वेळा सातवा सामना बॉस्टनमध्येच, आणि चारही वेळा आम्ही हरलो. त्यातलं २०१३ तर आठवूच नये असं: तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ अशी आघाडी घालवून ओव्हरटाइममध्ये पॅट्रिस बर्जेरॉनचा गोल. ज्यांना आठवतं ते अजून टीव्हीच्या आवाजावरून स्कोअर ओळखतात.

पैशाचं एक वाक्य सांगून पुढे जातो. २०२३-२४मध्ये एका संघाने पगारावर ८ कोटी ३५ लाख डॉलरपर्यंत खर्च करायचा, अशी लीगची मर्यादा होती. लीफ्सचे चौघे त्यातले साधारण ४ कोटी ५ लाख घेत होते. उरलेल्या पैशात बाकीचा सगळा संघ बसवायचा. मग चौघांना तीन लाइनींत वाटलंत तरी त्यांच्या बाजूंना कोण, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या पक्षाने त्याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ९ मेला कीफला घरी पाठवलं, १७ मेला क्रेग बेरूबी आला. त्याने पहिल्या पक्षाची मागणीच मान्य केली: नाइज, मॅथ्यूज आणि मार्नर एका लाइनीवर. मार्नरने त्या मोसमात गोल आणि गोलसाठीचे पास मिळून १०२ गुण मिळवले. २०२५मध्ये पहिल्या फेरीत ओटावाला हरवलं, मग फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा सातवा सामना, या वेळी घरच्या मैदानावर, शेवटचा पत्ता आपल्या हातात. १-६ असा पराभव! त्या उन्हाळ्यात मार्नर वेगासच्या संघात गेला. आमच्या मार्कममध्ये जन्मलेला पोरगा गेला म्हणून काहींना वाईट वाटलं, काहींनी शॅम्पेन उघडली. मला दोन्ही पटलं नाही.

जाता जाता थोडं विषयांतर. पंजाबी मंडळी २००८ पासून टीव्हीवर आपल्या भाषेत या खेळाचं समालोचन करतात, आणि काय झोकात करतात! मराठीतलं समालोचन सध्या सासरे-जावयांच्या स्वयंपाकघरातच चालतं. आपल्यातल्या कुणाला हौस असेल तर या केंद्रावर माइक मोकळा आहे, तेवढं पॉवर प्लेला काय म्हणायचं ते आधी आपसात ठरवून या.

आणि तुम्ही विचारणारच, म्हणून २०२४चा माझा कागदी रुमाल वाचून दाखवतो. मॅथ्यूजच्या उजवीकडे निलँडर, डावीकडे नाइज. टॅव्हारेसबरोबर बर्टुझी आणि डोमी. आणि मार्नर तिसऱ्या लाइनीवर, होल्मबर्गच्या बाजूला, जिथे समोरची तिसरी डिफेन्स जोडी त्याच्या वाट्याला येईल. सासऱ्यांनी तो रुमाल एकदाच वाचला आणि पोह्यांवरचं लिंबू पुसायला घेतला. पुढच्या शनिवारी, याच वेळी. नमस्कार.