पूररेषेवरून पाहिलेली तीन शहरे

सभ्य स्त्री-पुरुषहो,

नदीकाठच्या गावात ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना नदीकाठची परकी शहरेही लवकर उमगतात, असे माझे मत आहे आणि सांगलीच्या श्रोत्यांपुढे ते मांडताना मला मुळीच संकोच वाटत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले, ही चौकशी केल्याशिवाय ज्या गावाला झोप लागत नाही, आणि २०१९ व २०२१ सालच्या पुरांचे पाणी आपल्या घराच्या कितव्या पायरीवर होते हे जिथे लहान मूलही सांगते, त्या गावातला माणूस प्रागला किंवा बुडापेस्टला गेला तर त्याच्याजवळ ते शहर वाचण्याची एक किल्ली आधीपासूनच असते. ती वापरायची मात्र आठवण राहत नाही. आपण राजवाडा, चर्च, घड्याळ, संग्रहालय अशी यादी घेऊन निघतो आणि ती पुरी करून परततो.

जून महिन्यात माझी एक मैत्रीण आणि मी प्राग, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना या तीन शहरांत फिरलो. मी शाळेत इतिहास शिकवला. तिची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. त्यामुळे एखाद्या पुलावर उभे राहिले की मी तो कोणी बांधला हे सांगत असे आणि ती कठड्यावरून वाकून त्याच्या खांबांकडे पाहत असे. प्रवासात सोबत कोणाची असावी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यासारखेच पाहणारा माणूस बरोबर असला तर सहवास सुखाचा होतो हे खरे. पण वेगळ्या कामात मुरलेला माणूस सोबत असला तर त्याच रस्त्यावर आपल्याला दुप्पट दिसते. आज मी जे सांगणार आहे, त्यातले निम्मे तिने दाखवलेले आहे.

प्रागमधला चार्ल्स पूल हा युरोपातील सर्वाधिक छायाचित्रे निघणाऱ्या पुलांपैकी एक असावा. दिवसा तिथे चालायलाही जागा नसते. म्हणून आम्ही पहाटे गेलो. जूनमध्ये तिथे पाचच्या सुमारास चांगले उजाडलेले असते. व्हल्टावा नदीवर या जागेजवळ आधी जूडिथ नावाचा दगडी पूल होता आणि १३४२ सालच्या पुरात तो कोसळला. त्यानंतर १३५७ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने नव्या पुलाचा पाया घातला, आणि पुढे १८४१ सालापर्यंत प्रागमध्ये नदी ओलांडायला हा एकच पूल होता. वर उभे राहिले की दोन्ही बाजूंचे तीस पुतळे नजर खेचून घेतात. मैत्रिणीने मला पुलावरून खाली नेले आणि पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला खांबांच्या पुढे नदीत रोवलेल्या, लाकडी ओंडक्यांच्या तिरक्या चौकटी दाखवल्या. हिवाळ्यात नदीतून वाहत येणारे बर्फाचे तुकडे खांबांवर थेट आदळू नयेत, ते या चौकटींवर चढून फुटावेत, यासाठी ही योजना आहे. आपल्या नद्यांना बर्फाची भीती नाही; पण पुरात वाहून येणारी झाडे पुलाच्या गाळ्यात अडकली की काय होते, हे इथे कोणाला सांगायला नको. १८९० सालच्या सप्टेंबरात प्रागमध्ये नेमके तेच झाले. वाहून आलेले ओंडके कमानींत अडकले, पाणी तुंबले आणि तीन कमानी कोसळल्या.

त्या कमानींबरोबर दोन पुतळे नदीत गेले. त्यांतला एक होता संत फ्रान्सिस झेवियर यांचा. हे नाव ऐकताच आपल्याला जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका आठवते, जिथे त्यांचे शव आजही ठेवलेले आहे. १५४२ साली गोव्यात उतरलेला हा धर्मप्रसारक फेर्डिनांड ब्रोकॉफ या शिल्पकाराने १७११ साली प्रागच्या पुलावर उभा केला, आणि त्याचा चौथरा तोलून धरणाऱ्या आकृतींमध्ये पूर्वेकडची माणसे कोरली. ती माणसे शिल्पकाराने कधी पाहिलेली नसावीत, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून आणि वेषांवरून मला वाटले. अठराव्या शतकातील मध्य युरोपला आपण कसे दिसत होतो, कसे वाकलेले दिसत होतो, याचा तो एक पुरावाच आहे, आणि गोव्याच्या किंवा कोकणच्या माणसाने त्यापुढे थोडा वेळ जरूर थांबावे. आज पुलावर आहे ती १९१३ साली बसवलेली प्रतिकृती. मूळ शिल्प नदीतून काढून जपून ठेवण्यात आले आहे.

याच पुलाच्या जुन्या शहराकडील टोकाला, चौकाच्या कठड्यावरून खाली पाहिले तर काठाच्या भिंतीत दाढीवाल्या पुरुषाचे एक दगडी मस्तक बसवलेले दिसते. त्याला ‘ब्राडाच’ म्हणतात. ते मूळचे कोसळलेल्या जूडिथ पुलाचे. दगड झिजलेला आहे, दाढीचे कुरळे पुंजके मात्र अजून ओळखू येतात. प्रागचे लोक कैक पिढ्या या मस्तकावरून पुराचे माप घेत आले. पाणी दाढीला लागले की काठावरच्या घरांत शिरणार, तोंडापर्यंत आले की जुन्या शहराच्या चौकापर्यंत पोहोचणार आणि टक्कल बुडाले की चौकात होड्या चालणार, असे ते म्हणत. घड्याळाच्या मनोऱ्यापुढे दर तासाला शेकडो माणसे माना वर करून उभी असतात. तिथून चालत काही मिनिटांवर असलेल्या या मस्तकापाशी आम्ही दोघीच होतो. १४१० सालचे ते खगोलीय घड्याळ थोर आहे, त्याविषयी वाद नाही. पण शहराने स्वतःच्या भीतीसाठी घडवलेले हे माप मला अधिक जवळचे वाटले.

जुन्या प्रागमध्ये दुसरी गोष्ट पाहावी ती तळघरे. पुन्हापुन्हा येणाऱ्या पाण्याला कंटाळून मध्ययुगात तिथल्या लोकांनी रस्त्यांची पातळी भराव घालून उंच केली, आणि त्यामुळे बाराव्या शतकातील घरांचे तळमजले जमिनीखाली गेले. आज त्यांत खानावळी आणि लहान नाट्यगृहे चालतात. आपण पायऱ्या उतरून ज्या खोलीत जेवायला बसतो, तिची कमान कधीकाळी रस्त्याच्या पातळीवर होती, हे कळल्यावर त्या भिंतीला हात लावून पाहावासा वाटतो. तरीही पाणी आले ते आलेच. २००२ सालच्या ऑगस्टमध्ये काम्पा बेट आणि कार्लिन हा भाग बुडाला, मेट्रोची अनेक स्थानके पाण्याने भरली आणि सर्व गाड्या पूर्ववत धावायला कित्येक महिने लागले. त्या वेळी जुने शहर बरेचसे वाचले, कारण काठावर उभ्या करता येणाऱ्या धातूच्या फळ्यांची भिंत त्या भागात नुकतीच तयार झाली होती. फळ्या एरवी गोदामात असतात. काठावर दिसतात ती फक्त खांब बसवायची जागा. मैत्रीण तिथे बराच वेळ वाकून पाहत राहिली.

प्राग ते बुडापेस्ट हा प्रवास रेल्वेनेच करावा. विमानाने वेळ वाचतो, पण गाडी ब्रातिस्लावा सोडून पुढे गेली की उजव्या हाताला डॅन्यूब नदी सोबत येते, पलीकडच्या टेकडीवर एस्तेरगोमच्या भव्य चर्चचा घुमट दिसतो आणि नंतर डोंगरांमधून नदी दक्षिणेकडे वळते ते वळण खिडकीतून पाहता येते. उजवीकडची जागा मागून घ्यावी, एवढेच सांगते.

बुडापेस्ट हे नाव ऐकताना आपण एकच शहर समजतो. डोंगरावरचे बुडा, सपाटीवरचे पेस्ट आणि उत्तरेचे ओबुडा ही तीन गावे १८७३ साली एक झाली. बुडाला उंचीचे संरक्षण होते, पेस्टला नव्हते. १८३८ सालच्या मार्चमध्ये डॅन्यूबवरचे बर्फ फुटून वाहू लागले, खालच्या अंगाला अडकले आणि तुंबलेले पाणी पेस्टमध्ये घुसले. तिथली बरीच घरे कच्च्या विटांची होती. पाण्यात त्या विटा विरघळल्या आणि शहरातील सुमारे निम्मी घरे बसली. आपल्याकडच्या पुरात मातीच्या भिंती कशा खचतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. पेस्टच्या मध्यभागी फ्रान्सिस्कन चर्चच्या रस्त्याकडील भिंतीवर एक उठावशिल्प आहे. त्यात बॅरन वेसेलेन्यी मिक्लोश नावेत उभे राहून बुडणाऱ्या माणसांना वर घेत आहेत. शेजारून बस धावतात, माणसे कामाला जातात. शहरात इतरत्रही भिंतींवर लहान पाट्या आढळतात, त्यांवर १८३८ हे साल आणि पाण्याची रेषा दाखवणारे बोट कोरलेले असते. अशी एक पाटी माझ्या खांद्याच्या वर होती. दुपारच्या उन्हात, कोरड्या रस्त्यावर, त्या रेषेखाली उभे राहणे हा त्या सहलीतला मला सर्वांत खरा वाटलेला अनुभव.

त्या पुरानंतर वर्षभरात, म्हणजे १८३९ साली, साखळी पुलाचे काम सुरू झाले आणि १८४९ साली तो खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात होड्यांचा पूल असे आणि हिवाळ्यात बर्फामुळे तो काढून ठेवावा लागे. पुलाचा ध्यास घेतला तो काउंट सेचेन्यी इश्तवान यांनी; आराखडा विल्यम टियर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याचा, आणि बांधकाम पाहिले त्याच आडनावाच्या, पण नात्यात नसलेल्या ॲडम क्लार्क या स्कॉटिश माणसाने. विद्यार्थ्यांना इतिहास शिकवलेल्या मला इथे सर्वांत मोलाची वाटते ती पथकराची गोष्ट. हंगेरीतील सरदारवर्गाला करांतून सूट होती. या पुलावर मात्र सरदार असो वा शेतकरी, प्रत्येकाने पैसे भरायचे, असे ठरले. विशेषाधिकाराला पडलेली ती एक मोठी फट होती. १९४५ सालच्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला, आणि बरोबर शंभराव्या वर्षी, १९४९ साली, तो पुन्हा उभा राहिला.

या पुलापासून पेस्टच्या काठाने संसदेकडे चालत गेले की पाण्याच्या अगदी कडेला लोखंडी पादत्राणांचे साठ जोड मांडलेले आहेत. १९४४–४५च्या हिवाळ्यात ‘ॲरो क्रॉस’ या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभे केले, पायांतले जोडे काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटले. २००५ साली हे स्मारक झाले. काही जोड्यांचे टाच झिजलेले दाखवले आहेत, काही एका अंगावर कलंडलेले आहेत, मुलांचेही आहेत. माझी विनंती आहे की तिथे कोणी छायाचित्रासाठी त्या जोड्यांत पाय घालू नयेत. आम्ही ते घडताना पाहिले आणि फार वाईट वाटले.

व्हिएन्नाविषयी आपल्यापैकी बहुतेकांनी पुष्कळ वाचलेले असते, म्हणून राजवाडे आणि संगीत मी बाजूला ठेवते. सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ साली शहराचा तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या मोकळ्या जागेवर रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला, एवढे ध्यानात ठेवून ट्रामने एक फेरी मारली तरी पुरे. खरा प्रश्न दुसराच आहे. डॅन्यूबचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या मध्यभागी डॅन्यूब कुठे आहे? जुन्या शहराला लागून वाहतो तो कालवा, म्हणजे नदीचा एक जुना फाटा. मुख्य नदी अनेक प्रवाहांत पसरून दर पिढीला बस्त्या बुडवत होती. १८७० ते १८७५ या काळात तिला नवे सरळ पात्र खोदून दिले गेले, आणि तुटलेल्या जुन्या वळणाचा आता तलाव झाला आहे.

तेवढेही पुरले नाही. म्हणून १९७२ साली मुख्य पात्राशेजारी दुसरे पात्र खोदायला सुरुवात झाली आणि निघालेल्या मातीचे दोन्हींच्या मध्ये सुमारे २१ किलोमीटर लांबीचे अरुंद बेट तयार केले गेले. सुरुवातीला या खर्चाला विरोध झाला. १९८८ साली काम पुरे झाले. १५०१ सालच्या महापुराचा अंदाज समोर ठेवून, दोन्ही पात्रांतून मिळून सेकंदाला १४ हजार घनमीटर पाणी जाईल अशी ही रचना आहे, आणि २०१३ सालच्या मोठ्या पुरात ती उपयोगी पडली. एरवी दुसऱ्या पात्राची दारे बंद असतात, पाणी स्थिर आणि स्वच्छ राहते, आणि जूनमध्ये सारे व्हिएन्ना तिथे पोहायला लोटते. आजी-आजोबा, नातवंडे, टर्किश आणि सर्बियन कुटुंबे, सायकलवाले, सगळे एका उतारावर बसलेले. त्यासाठी तिकीट लागत नाही. पुराचे पाणी आले की दारे उघडतात आणि त्याच पात्रातून नदी वाट काढते.

मैत्रिणीला त्या दिवशी बोलते करावे लागले नाही. भराव्याचा उतार किती आहे, गवत कशासाठी राखले आहे, मोठी झाडे कुठे लावली आणि कुठे टाळली, दारे वेळेत उघडण्यासाठी वरच्या देशांतून पाण्याच्या पातळीची खबर किती आधी मिळायला हवी, हे ती चालता चालता सांगत राहिली. आणि कृष्णेच्या बाबतीत हीच खबर कोयना आणि अलमट्टी या दोन धरणांमधून दोन राज्यांना कशी एकमेकांना द्यावी लागते, यावर आम्ही तिथेच एका बाकावर संध्याकाळचे नऊ वाजेपर्यंत, म्हणजे ऊन मावळेपर्यंत, बोलत बसलो. आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर भुयारी रेल्वेच्या पहिल्या मार्गावरील ‘डोनाउइन्झेल’ स्थानकावर उतरावे, सायकल भाड्याने घ्यावी, आणि वरच्या अंगाला जिथे ती दारे आहेत तिथपर्यंत एकदा जाऊन यावे.