तेरा तासांची रात्र

(हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामाबद्दल नव्या ट्रेकर मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो. डिसेंबरात गडावर मुक्कामाला गेलात, तर रात्र किती तासांची? आठ? दहा? मागे बसलेल्या ताईंनी बरोबर सांगितलं, तेरा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उगवतो सातला. चढाई चार-पाच तासांची, तरी आपलं सगळं डोकं चालतं ते चढाईवर. बूट कुठले, वाट कुठली, फोटो कुठे काढायचे. त्या तेरा तासांचं काय, तर "वर गेल्यावर बघू".

हे मी टोमणा म्हणून बोलत नाही, कारण मीही असंच केलं होतं. पंचवीसएक वर्षं झाली. आम्ही आठजण, पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून हरिश्चंद्रगड. आळेफाट्याला मिसळ खायला उतरलो आणि गप्पांत दीड तास घालवला. मिसळ चांगली होती, हे कबूल करतो. खिरेश्वर सोडायला दोन वाजले. तोलार खिंडीत वाघाचा दगड आहे ना, तिथे फोटोसाठी आणखी अर्धा तास. पुढचा कातळटप्पा चढून पठारावर आलो तेव्हा उन्हं उतरली होती.

ज्यांनी ही वाट केली आहे त्यांना माहीत आहे की इथून पुढेच खरी गंमत असते. टेकड्यांमागून टेकड्या, लोक सात म्हणतात. सगळ्या सारख्या दिसतात. प्रत्येक टेकडी चढलं की वाटतं आता गडावरचं देऊळ दिसणार, आणि समोर पुढची टेकडी. आठजणांत दोन टॉर्च, त्यातल्या एकीचे सेल संपलेले. साडेसात वाजता आमच्यातला एकजण म्हणाला, "आपण मघाशी याच झाडाखालून गेलो होतो." त्यानंतर जे केलं ती त्या दिवसातली आमची एकमेव शहाणपणाची गोष्ट: आम्ही बसलो. कारवीच्या जाळीच्या आडोशाला, एकमेकांना खेटून, आठजणांत पाच पांघरुणं आणि दीड बाटली पाणी. सकाळी उजेड झाला आणि कोणीतरी घंटा वाजवली. देवळापासून आम्ही वीस मिनिटांवर होतो.

तेव्हापासून मी ट्रेक उलटा मोजतो. तुम्हीही तसंच करा. मुक्कामाच्या जागी पाच वाजता पोचायचं. सहाला नाही, पाचला. त्या एका तासाच्या उजेडात पाणी भरायचं, झोपायची जागा बघायची, शौचाला कुठे जायचं ते ठरवायचं. आता मागे या. खिरेश्वरहून पाठीवर बोजा घेऊन पाच तास, शिवाय जेवणाचा एक. म्हणजे अकराला गाव सोडायचं. खुबी फाट्यावरून धरणाच्या कडेने गावात चालत यायला तास-सव्वा तास. म्हणजे साडेनऊला फाट्यावर. म्हणजे पुण्यातून सहाच्या आत निघायचं, आणि मिसळीला पंधरा मिनिटं. हे गणित बसत नसेल तर वाट बदला. अकोले तालुक्यातल्या पाचनईवरून अडीच तासांत वर पोचता येतं, पहिल्या मुक्कामाला मी तीच वाट सांगतो. अरुंद घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेचं नाव आज काढू नका. बोजा घेऊन नळी चढणं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

गडाचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तंबू कुठे लावू देतात, कोकणकड्यावर राहू देतात की नाही, हे नियम बदलत असतात. वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. मोबाइलवर तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दाखवून तिथे वाद घालू नका. आणि ज्या घरी जेवाल तिथे सगळ्यांची नावं आणि परतायची वेळ कागदावर लिहून ठेवा. वर रेंज मिळेलच असं नाही, आणि तुम्ही परतला नाहीत तर पहिली शोधाशोध गावातलीच माणसं करणार असतात.

पाणी. चढताना माणशी तीन लिटर, यात तडजोड नाही. वर पुष्करणी आहे, टाकी आहेत. हिवाळ्यात पाणी असतं, मे महिन्यात मात्र गावातून खात्री करून निघा. वरचं पाणी फडक्यातून गाळून उकळायचं. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी आहे, ते दर्शनाचं, बाटल्या भरायचं नाही.

थंडीबद्दल नवी मुलं एकच चूक करतात. अंगावर घालायला तीन स्वेटर आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र! थंडी खालून येते. गुहेतला कातळ रात्रभर तुमच्या अंगातली ऊब ओढून घेतो. एक स्वेटर कमी न्या, पण चांगली कॅरीमॅट न्या. गावापेक्षा वर उंची बरीच वाढते, आणि हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. वारा धरला तर आणखी गार वाटतं. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चढताना घामेजलेला शर्ट अंगावरच ठेवून झोपलात तर तेराच्या तेरा तास मोजाल. चांगदेव इथे तपाला बसले होते असं सांगतात. आपली तेवढी तयारी नसते.

जेवणाचं मी फार बोलणार नाही. शनिवार-रविवारी वरच्या झोपड्यांमध्ये पिठलं-भाकरी मिळते, आणि ती तुमच्या मॅगीपेक्षा कितीतरी बरी. तरी दशम्या, ठेचा, गूळ-शेंगदाणे जवळ असू द्या.

शेकोटीबद्दल मात्र बोलणार. एक तर ते अभयारण्य आहे. दुसरं म्हणजे कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात आणि त्यांना धूर चालत नाही. सह्याद्रीत मधमाश्यांमुळे माणसं गेलेली आहेत. उग्र सेंटही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत पळू नका, पांघरूण डोक्यावरून घेऊन पालथे पडून राहा. म्हणून माझ्या सॅकमध्ये चादर सगळ्यात वर असते. आणि दगड उचलताना आधी काठीने हलवा, खाली फुरसं असू शकतं. सकाळी बूट झटकूनच घाला.

आता खुरपं. हसू नका! पाण्यापासून निदान सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, नंतर माती. वापरलेले कागद पिशवीत घालून खाली आणायचे. पन्नास माणसं एका टाक्याभोवती मुक्कामाला असली की सकाळी काय होतं ते मी बघितलंय, आणि तुम्हाला अजून चहा प्यायचा आहे म्हणून सांगत नाही.

कोकणकड्यावर सूर्यास्त बघायला सगळेच जातात. तंबूपासून तिथपर्यंतची वाट उजेडी बघून ठेवा, परतताना अंधार असतो. काठावर पोटावर झोपून बघायचं, उभं राहून नाही. कडा आत वळलेला आहे, वारा खालून वर येतो. ओंजळभर पाणी खाली टाकलंत तर ते तुमच्याच तोंडावर येतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे दिसलेलं इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसायला खाली दरीत ढग आणि पाठीशी सूर्य लागतो. कडा पश्चिमेला बघतो, म्हणजे तो योग सकाळचा. स्वच्छ डिसेंबरी हवेत त्याची वाट बघत बसू नका, त्यापेक्षा दव पडून भिजलेला तंबू उन्हात वाळत घाला. ओला गुंडाळलात तर पुढच्या वेळी बुरशीसकट उघडाल.

माझी सॅक इथे टेबलावर आहे. पुढे या, सगळं बाहेर काढून बघा, उचलून वजन बघा. शिट्टी तेवढी वाजवू नका, खालच्या मजल्यावर गाण्याचा क्लास चालू आहे.