सर्व्हिस चुकू दे की

नमस्कार श्रोतेहो. मी बॅडमिंटन शिकवते, सकाळी साडेसहाची बॅच असते, आणि आज जे बोलणारे ते माझ्यासारख्या कोचमंडळींसाठी आणि हॉलबाहेर बाकड्यावर बसणाऱ्या आईबाबांसाठी.

आम्ही काय करायचो, आधी पन्नास शॉर्ट सर्व्हिस, त्या झाल्या की पन्नास लाँग. शेवटच्या दहा इतक्या सुंदर पडायच्या की पालक खूश, मीही खूश. आणि चार दिवसांनी मॅचमध्ये तीच पोरगी पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये घालायची, मग मी ओरडायचे, लक्ष कुठंय तुझं? तिची काहीच चूक नव्हती, चूक माझ्या प्रॅक्टिसची होती.

१९८६ मध्ये अमेरिकेत गूड आणि मॅगिल या दोन संशोधकांनी हेच तपासलं. शॉर्ट, लाँग आणि ड्राइव्ह, म्हणजे सपाट आणि वेगात मारलेली, अशा तीन सर्व्हिस मुलींना शिकवल्या. एका गटाला एकेक सर्व्हिस सलग, दुसऱ्याला ठरलेल्या क्रमाने आलटून पालटून, तिसऱ्याला कशीही मिसळून. नंतर परीक्षा घेतली तर मिसळून शिकलेल्या मुली पुढे, कोर्टाची बाजू बदलली तरीही पुढेच! कारण तेच तेच करताना हात मागचीच हालचाल उचलतो, सर्व्हिस बदलली की डोक्याला दरवेळी नव्याने ठरवावं लागतं, आणि मॅचमध्ये तरी दुसरं काय असतं?

पण यात एक गोची आहे बरं का. मिसळून केलं की चुका जास्त होतात आणि पोरं हिरमुसतात. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात माणसाला तीन गोष्टी लागतात, स्वतः ठरवायची मोकळीक, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपुलकीची माणसं. यातलं ‘जमतंय’ हेच आपण काढून घेतो ना! कोचिंगच्या कोर्सला आम्ही शिकण्याची थिअरी वेगळी पाठ केली, मोटिव्हेशनची वेगळी, पण या दोन्हींची गाठ कोर्टवर अशी पडते हे कुणी दाखवलंच नाही, आणि मला वाटतं कोर्समध्ये सगळ्यात आधी हेच दाखवायला हवं.

आता अगदी नवख्या पोरांना मी सुरुवातीला सलगच देते, रॅकेट हातात बसेपर्यंत. मग मिसळते, पण का ते आधी सांगते, आणि पुढची सर्व्हिस कुठली ते त्यांनाच ठरवू देते. आणि मोजणी त्या दिवशी नाही करत, दोन दिवसांनी, वॉर्मअप झाल्या झाल्या करते. परवा एक बाबा काळजीने म्हणाले, मॅडम, आज हिची सगळी शटलं जाळीतच जातायत. म्हटलं, गुरुवारी लवकर या, आपण दोघं मिळून मोजू.