छुक छुक येतं कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनराणी ही मुलांची छोटी गाडी धावत होती तेव्हाची गोष्ट. माझी नात चार वर्षांची होती. कृष्णगिरी उपवनातून गाडी निघाली. हरणं दिसली, गांधी स्मारकाची टेकडी मागे पडली. नात मात्र गप्प. खाली उतरल्यावर तिने विचारलं, "आजी, ही छुक छुक का करत नाही?"

मी ३५ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरी त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. आपली मुलं बोलायला लागतात तेव्हा गाडी दिसली की 'छुक छुक' म्हणतात. त्यांच्या आयांनीही तो आवाज प्रत्यक्ष ऐकलेला नसतो. 'आगगाडी' हा आपला शब्दही तसाच. लोकलमध्ये आग नाही, तरी नाव राहिलंय.

मी तो आवाज ऐकलेला आहे. १९७२ साली, आठ वर्षांची असताना, बाबांनी आम्हाला माथेरानला नेलं. नेरळला मोठ्या गाडीतून उतरलो आणि समोर ते इंजिन उभं! आपल्या लोकलच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. माथेरानच्या रुळांत दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. माझ्या आईचा हात एका रुळापासून दुसऱ्यापर्यंत सहज पोचला असता. वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबलं. एका स्टेशनाचं नावच 'वॉटर पाइप' आहे, हे ऐकून आम्ही भावंडं किती हसलो होतो!

तर, तो आवाज येतो कुठून?

बॉयलर म्हणजे आडवं पिंप. त्यात पाणी, आणि पाण्यातून आरपार गेलेल्या कितीतरी नळ्या. मागच्या भट्टीतला जाळ आणि गरम धूर या नळ्यांतून पुढे जातो आणि भोवतालच्या पाण्याची वाफ होते. ही वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ढकलते. दट्ट्या दांडा हलवतो, दांडा चाक फिरवतो. इथपर्यंत पुस्तकात असतं. खरी गंमत पुढे आहे. काम झालेली वाफ अशीच सोडून देत नाहीत. तिला एका तोटीतून थेट धुराड्यात फेकतात. तो फवारा जाताना नळ्यांतला धूरही आपल्याबरोबर ओढून नेतो. धूर पुढे ओढला गेला की त्याच्या जागी भट्टीत खालून ताजी हवा शिरते आणि जाळ भडकतो. लोहाराचा भाताच म्हणा ना, पण भाता ओढणारा कुणी नाही. इंजिन चढावर जितकं झगडेल तितकी वाफ जोरात जाते, तितकी आग वाढते आणि तितकी नवी वाफ तयार होते. धुराड्यातून निघणारा तो प्रत्येक फवारा म्हणजे एक 'छुक'.

आता मोजू या. दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात एका सिलिंडरचे दोन फवारे. सिलिंडर दोन, इंजिनाच्या दोन बाजूंना एकेक, तेव्हा चार छुक. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांपासून पाव फेरा पुढेमागे बसवलेले असतात, त्यामुळे एक दट्ट्या टोकाला जाऊन थबकला तरी दुसरा जोरात असतो. इंजिन कुठेही उभं असो, ते तिथून निघू शकतं.

लहानपणी मला वाटायचं, माथेरानची गाडी धापा टाकत धावतेय. प्रत्यक्षात बाजूने पळणारी पोरं तिला गाठत होती. त्याचं कारण चाकात आहे. समजा चाक पाऊण मीटर व्यासाचं आहे आणि वेग ताशी १२ किलोमीटर. चाक सेकंदाला जवळजवळ दीड फेरा घेईल, म्हणजे पाच-सहा छुक! लहान चाकाचं इंजिन हळू चालतानाही घाईत ऐकू येतं ते असं.

आणि त्या घाटात त्याला कमी कष्ट नव्हते. काही ठिकाणी वीस मीटर जाताना एक मीटर चढ. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ही लाइन बांधली, १९०७ साली ती सुरू झाली. बर्लिनच्या ओरेन्स्टाइन आणि कॉपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली. सहा चाकांचं आखूड इंजिन, तरीही ते त्या अवघड वळणांवर अडकत नव्हतं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस पोकळ होते आणि वळणाप्रमाणे थोडे कलत होते. मला या कल्पनेचं आजही फार कौतुक वाटतं. ऐंशीच्या दशकात तिथली वाफ थांबली आणि डिझेल आलं.

बागेतली गाडी म्हणजे खेळणं, असं आपण गृहीत धरतो. तसं असायलाच हवं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हापासून त्या बागेभोवती तीन फूट रुंदीच्या रुळांवर खरीखुरी वाफेची गाडी फिरते. वॉल्ट डिस्ने यांना आगगाडीचं इतकं वेड, की घराच्या अंगणातच त्यांनी सव्वासात इंची रुळांची लाइन टाकली होती. त्या इंजिनाला पत्नीच्या नावावरून 'लिली बेल' म्हणत. बागेची पहिली दोन इंजिनं त्यांच्याच कारागिरांनी बांधली. पण माझं मन तिसऱ्यात गुंतलंय. ते १८९४ साली बाल्डविन कारखान्यात बनलं आणि लुइझियानात उसाच्या मळ्यांतून ऊस ओढत होतं. १९५८पासून ते मुलांचे डबे ओढतंय. पुढे डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या बागेसाठी मेक्सिकोच्या युकातानमधून चार जुनी इंजिनं आणली. तीही बाल्डविनचीच. तिकडे त्यांनी माणसांबरोबर ऊस आणि घायपात वाहिला होता. भंगारात जाण्याच्या वयात ती दुरुस्त झाली आणि १९७१ साली, बाग उघडली त्याच वर्षी, कामाला लागली. त्यांच्या भट्टीत कोळसा जळत नाही, तेल जळतं. पण पाणी तेच, वाफ तीच आणि फेऱ्याला चार ठोके तेच.

आपल्या परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत पिढ्यानपिढ्या माणसं राबली. मुंबईत बॉयलर ओळखणारे हात होते. मला मनापासून वाटतं की नेरळला, सपाटीवर, अर्धा किलोमीटर का होईना, एक वाफेचं इंजिन हिवाळ्यातल्या रविवारी पेटवावं. घाट नको, धोका नको. मुलांनी भट्टीचं दार उघडलेलं पाहावं, पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बोट दाखवावं, इंजिनाच्या आगवाल्याला प्रश्न विचारावेत.

वनराणी मे २०२१च्या तौक्ते वादळात मोडली. त्यानंतर एकदा मी नातीला नेरळला नेलं. तिथे एक जुनं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय. मी तिला धुराडं दाखवलं, सिलिंडर दाखवला, चार ठोक्यांचा हिशेब सांगितला. तिने त्या थंड लोखंडावर हात ठेवला आणि स्वतःच तोंडाने हळूहळू सुरू केलं. चार छुक, एक पाऊल. पुन्हा चार छुक, एक पाऊल. फलाटाच्या टोकापर्यंत ती तशीच गेली, आणि मी मागून तिचे ठोके मोजत गेले. एकही चुकला नाही.

नमस्कार.