शनिवारची पिशवी

नमस्कार, श्रोतेहो.

बेळगावात शनिवार म्हणजे बाजाराचा वार. गणपत गल्लीत, खडे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एका शनिवारी मी माझ्या दहा वर्षांच्या नातीच्या हातात दोनशे रुपये आणि कापडी पिशवी दिली. म्हटलं, "रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवसांची भाजी तू ठरवायची, तूच आणायची. मी नुसती मागनं येणार."

हे मागनं येणंच अवघड, बघा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी. चूक दिसली की तोंड आपोआप उघडतं.

मेथीची पेंडी पंधराला, दोन घेतल्या तर पंचवीसला. झालं! पाच रुपये वाचले म्हणून पोरीने चार पेंड्या उचलल्या, वर शेपू. दोडका नाही, बटाटा नाही. मी गप्प. मंगळवारी उरलेली मेथी पिवळी पडली, ती तिनेच निवडली, निम्मी टाकावी लागली आणि रात्री आम्ही पिठलं खाल्लं. माझा मुलगा जेवताना बोलणार होता, मी डोळ्यांनीच दटावलं.

पुढच्या शनिवारी निघण्याआधी ती कागद घेऊन बसली. पालेभाजी रविवारी, वांगी सोमवारी, मंगळवारी मटकीची उसळ. मटकी केव्हा भिजवायची, हे तिने उलटं मोजून काढलं. मंगळवारी सकाळी मोड हवेत, तर रात्रभर फडक्यात बांधायला हवी, म्हणजे सोमवारी सकाळी शाळेला जाण्याआधी भिजत घालायची. मोजण्याचा असा धडा मला वर्गात कधी जमला नव्हता, हे कबूल करते.

आता आकड्यांचं. आमच्याकडची बरीच मुलं इंग्रजी शाळेत. 'पाऊण किलो' म्हटलं की तोंडाकडे बघतात. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द तराजूसमोर उभं राहिल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. त्यात आपला बाजार दोन भाषांचा. एका भाजीवालीने विचारलं, "कालु किलो?" कन्नडमध्ये कालु म्हणजे पाव. आमची नात म्हणाली, "कालचं नको, आजचं द्या!" बाई पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिनेच शिकवलं. कालु, अर्ध, मुक्कालु. पाव, अर्धा, पाऊण. त्या दिवसापासून ही ऐटीत "एष्ट्री?", म्हणजे "किती हो?", असं विचारते. समोरून उत्तर बहुतेक वेळा मराठीतच येतं, ते सोडा.

वजनाच्या काट्यावर आधी शून्य दिसतंय का, ते बघायला तिला सांगितलं आहे. बघायचं, पण चेहरा संशयी करायचा नाही. भाजीवाल्या बायका पहाटे उठून गावाकडून येतात, त्यांच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायला मी नातवंडांना शिकवणार नाही. घासाघीस करायचीच, तर दुकानातल्या पाकिटांशी करावी. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्याहून जास्त द्यायचे नाहीत. आणि मोठं पाकीट स्वस्तच पडतं असंही नाही. दोनशे ग्रॅम अठ्ठेचाळीसला आणि पाचशे ग्रॅम एकशे तीसला असेल, तर शंभर ग्रॅमला किती पडले? लहान पाकिटात चोवीस, मोठ्यात सव्वीस. पोरं हा हिशोब चटकन करतात, आपणच आळस करतो.

तांदळाचं मात्र तिला एकदा फसू द्यावं लागलं. येळ्ळूरचा नवा तांदूळ आला होता. तिने नेहमीसारखं दुप्पट पाणी घातलं आणि भाताचा गिचका झाला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. ताक घालून खाल्ला.

गेल्या शनिवारी तिची परीक्षा होती, म्हणून बाजाराला मी एकटीच गेले. तिची यादी पर्समध्ये होती. पण कोवळी लुसलुशीत मेथी दिसली, भावही उतरलेला, आणि हात गेला. घरी आल्यावर तिने पिशवी ओट्यावर उपडी केली, पेंड्या मोजल्या, माझ्याकडे बघितलं.

"आज्जी," ती म्हणाली, "मंगळवारी पिठलं हं."